अंगी लागेना

धाकट्या मायेनला न्कुहोच्या खोलीत बसवायचं ठरलं, तेव्हा तिच्यासाठी रांधायचं कुणी, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. इक्वो होतीच.

कॅलाबार बंदरात नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. राहायला तिघीच. इक्वो, मायेन आणि त्यांची आत्या, म्मा आतिम. आईवडील गेल्यावर आत्यानंच दोघींना सांभाळलं होतं. मोठी कडक बाई. लग्न ठरलेल्या मुली न्कुहोत, म्हणजे पुरुषांच्या नजरेआड बंद खोलीत, बसवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, अंग चोळायचं, संसाराच्या चार गोष्टी शिकवायच्या, हे काम तिनं गल्लीतल्या कितीतरी मुलींचं केलं होतं. तिच्या हाताखालून गेलेली मुलगी बाहेर पडायची ती भरल्या कणसासारखी. मग स्वतःच्या भाचीला ती काय कमी पडू देणार होती?

इक्वोची न्कुहोत बसायची वेळ यायला हवी होती त्या वर्षी आई वारली. शोकाचे दिवस संपले आणि पुढे तो विषय कुणी काढलाच नाही. इक्वोनं गोदीच्या फाटकापाशी खानावळ टाकली, तिला गिऱ्हाईक लागलं, घर चालू लागलं. चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? आणि इक्वो दिसायला काटकी. खांद्याची हाडं वर आलेली, मनगटात बांगडी टिकत नसे. अशी मुलगी बघायला कोण येणार, असं आत्या तिच्या तोंडावरच म्हणायची.

पण एक जण येत होता. एफियोम. गोदीच्या गोदामात कारकून होता. रोज दुपारी इक्वोच्या खानावळीत कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा आणि अफांगच्या पाल्याची भाजी आणि कसाव्याचे गोळे मागायचा. "इक्वो," तो म्हणायचा, "तुझ्या हातचं खाल्लं की दुपारची झोप येत नाही, उलट जाग येते." इक्वो त्याच्या ताटात धुरावलेल्या माशाचा पोटाकडचा तुकडा घालायची. तो तुकडा ती दुसऱ्या कुणाला देत नसे. त्याला ते कळत असावं, असं ती धरून चालली होती.

मग एकदा तिला थंडीतापानं झोपवलं आणि तिच्या जागी मायेन खानावळीत जाऊन बसली. मायेन एकोणीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, हसली की गालांत खळ्या पडायच्या. ताप उतरला, इक्वो कामावर रुजू झाली, आणि पुढच्या रविवारी एफियोम त्याच्या मामाला आणि मागणीचा ताडीचा घडा घेऊन घरी आला. इक्वोनं त्यांना गल्लीतून येताना पाहिलं. ती आत गेली, पेटी उघडली, आईची निळी लुंगी नेसली, मानेला पावडर लावली. बाहेर आली तर आत्या मायेनला हाक मारत होती.

त्या दिवसापासून एफियोम तिला "म्मा इक्वो" म्हणू लागला. होणाऱ्या बायकोची थोरली बहीण, मान द्यायलाच हवा. इक्वोला वाटायचं, या माणसानं एका शब्दात आपल्या वयात वीस वर्षं घातली.

मायेन खोलीत बसली. आत्यानं पहिल्या दिवशी तिच्या कमरेला मण्यांची माळ बांधली, घट्ट नाही, सैल नाही. "ही रुतायला लागली म्हणजे माझं काम झालं," ती म्हणाली. अंगाला पांढरी माती लावली. मग सकाळपासून इक्वोची पळापळ सुरू झाली. पहाटे मक्याची पेज, त्यात दूध. नंतर कुटलेलं कोनफळ आणि पालेभाजीचं दाट कालवण, त्यात बकऱ्याचं मटण, गोगलगायी, वाळका जवळा, लाल पामतेल. दुपारी अळकुड्या किसून पानात गुंडाळून शिजवलेलं एकपांग. सगळं वाढून द्यायचं, भांडी आणायची, खोलीतलं शौचाचं भांडं धुवायचं, आणि तशीच गोदीवर खानावळ उघडायला धावायचं.

दारात वाटी ठेवताना आत्याची शिकवणी तिच्या कानावर पडे. "हे बघ मायेन, कोनफळ जातं कमरेला. तेल जातं कातडीला. गोगलगाय जाते सांध्यांना, आणि पाला जातो पोटाला, पोट साफ ठेवायला. बाईला हे कळलं पाहिजे. नवऱ्याला काय घातलं की त्याच्या अंगात कुठे जातं, ते जिला कळतं तिचं घर उभं राहतं."

"आणि माझं कुठे जातं, म्मा?" इक्वोनं एकदा विचारलं. "मीही तेच खाते."

"तुझं होय?" आत्या मायेनच्या पिंढऱ्या चोळत होती, तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "तुझं जळफळाटात जातं."

मायेन हसली. तेलानं चमकणारी, भरलेली, खळ्यांची मायेन. इक्वोही हसली आणि स्वयंपाकघरात येऊन मुसळ उचललं. त्या दिवशीचं कोनफळ इतकं बारीक कुटलं गेलं की आत्यानं मुद्दाम तारीफ केली.

मत्सर काही एका दिवशी येऊन बसत नाही. तो रोज थोडा थोडा शिजतो. मायेनचे दंड भरत गेले तसतशी इक्वो आरशासमोर स्वतःचा दंड दाबून पाहू लागली. मटणाचे चांगले तुकडे ती आधी स्वतःच्या पानात काढून ठेवू लागली. खाल्ले तरी त्यांचा काही उपयोग होत नव्हता. संध्याकाळी पायांत गोळे यायचे, चढ चढताना दम लागायचा, आणि खालून वर येईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिला वाटायचं, हे पोटातलं दुखणं आहे, मत्सराचं. त्याला औषध नाही.

एफियोम रोज दुपारी विचारायचा, "म्मा इक्वो, कशी आहे ती? खाते ना नीट?"

"खाते."

"तिला सांगाल, मी विचारत होतो म्हणून?"

"सांगेन," इक्वो म्हणायची आणि सांगायची नाही. माशाचा पोटाकडचा तुकडा मात्र अजून त्याच्याच ताटात पडायचा. हात ऐकत नसे.

एका सकाळी एकपांगचं भांडं ढवळता ढवळता तिच्या तोंडून निघून गेलं, "न लागो तिच्या अंगाला." मोठ्यानं नाही, पण शब्द फुटले. तिनं झाकण ठेवलं आणि कामाला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मायेनच्या कमरेची माळ सैल पडू लागली.

आधी आत्याला वाटलं, दोरा ताणला असेल. तिनं गाठ मारली. आठवडा गेला, परत सैल. मायेनचे गाल उतरले. गळ्याखाली खड्डे दिसू लागले. आत्यानं इक्वोला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग. तिच्या वाटणीचं कोण खातंय?"

"म्मा, माझ्याकडे बघ आणि विचार. मी खात असते तर दिसलं नसतं?"

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. पण तेव्हापासून ती प्रत्येक जेवणाला मायेनसमोर ठाण मांडून बसू लागली. जे पाहिलं त्यानं ती आणखीच चक्रावली. मायेन सगळं खात होती. वाटी चाटून पुसून परत मागत होती. कोनफळाचा दुसरा गोळा, तिसरा गोळा. वर तांब्यामागून तांब्या पाणी. "अजून आहे का, ताई?" ती दारातून विचारायची. आणि दुसऱ्या दिवशी हाडं आणखी वर आलेली.

इक्वोला आनंद झाला, हे खोटं कशाला बोला? खानावळीत ती गुणगुणू लागली. एफियोमनं विचारलं तर तिनं अगदी खरं सांगितलं, "खाते. पूर्वीपेक्षा जास्त खाते." तो समाधानानं हसला. लोकांसमोर मायेनला खोलीतून बाहेर काढायचा दिवस जवळ येत होता. त्या दिवशी गल्ली जमणार, एफियोमची माणसं जमणार, आणि दारातून बाहेर येणार एक काटकी मुलगी. म्हणजे दोघी बहिणी सारख्याच. मग एफियोमच्या आईनं नाक मुरडलं तर तिला तरी काय बोलायचं? इक्वो हे चित्र मनात पुन्हा पुन्हा पाहायची आणि दर वेळी त्यात थोडी भर घालायची.

भांडं धुवायचं काम तिचंच होतं, त्यामुळे मुंग्याही तिलाच दिसल्या. परसात, जिथे ती मायेनच्या शौचाचं भांडं रिकामं करायची, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. भांड्याच्या कडेला, मातीवर, जिथे जिथे लघवीचे थेंब सांडले तिथे. इक्वो उभी राहून बघत राहिली. तिला ठाऊक होतं हे कशाचं लक्षण. शेजारचे एटे असुक्वो, गोदीवरचे मुकादम, त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यांच्या न्हाणीघरात अशाच मुंग्या व्हायच्या. पुढे त्यांचा पाय कापावा लागला. पण एटे असुक्वो सत्तरीचे, पोट सुटलेले. पोरीसोरींना कुठे तो आजार होतो? इक्वोनं स्वतःला हे सांगितलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. मुंग्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिनं परत पाणी ओतलं.

ती कुणाला काही बोलली नाही.

मायेन बिछान्याला खिळू लागली तशी आत्या घाबरली. चर्चमधल्या बायका आल्या, प्रार्थना करून गेल्या. एक म्हातारी जाता जाता दारातच म्हणाली, "घरात एकीचं भरतं तेव्हा दुसरीचं जळतं. जळतीकडे बघा आधी." इक्वो तिथेच चूल फुंकत होती.

दुपारी आत्यानं दार लावलं, वाडग्यात खोटं बोलणाऱ्याला बाधणारं शपथेचं पाणी घेतलं आणि ते इक्वोसमोर ठेवलं.

"बोल. तिच्या जेवणात काही घातलंस?"

"नाही, म्मा. शपथ घेते. मीठ-मिरचीशिवाय माझ्या हातानं काही पडलं नाही."

"तिचं वाईट चिंतलंस?"

इक्वो वाडग्याकडे बघत राहिली.

"इक्वो, मी काय विचारते?"

"त्याची शपथ मी घेणार नाही," इक्वो म्हणाली.

आत्यानं वाडगा उचलला आणि पाणी परसात फेकून दिलं. "आजपासून तिचं मी रांधीन," ती म्हणाली. "तू त्या खोलीची पायरी चढायची नाहीस."

पण म्हाताऱ्या आत्यानं चूल करायची आणि रोग्याजवळही बसायचं, हे कसं जमणार? दुसऱ्याच सकाळी मायेनला उलट्या सुरू झाल्या आणि आत्या पाणी तापवायला उठली, तेवढ्यात मायेननं आतून बहिणीला हाक मारली. इक्वो दारात जाऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

मायेन भिंतीला टेकून बसली होती. अंगावरची पांढरी माती भेगाळली होती. ती धापा टाकत होती, कुणी तरी चढावर पळवत आणल्यासारखी. खोलीत जास्त पिकलेल्या अननसासारखा वास येत होता. इक्वोनं इकडे तिकडे पाहिलं. फळ कुठेच नव्हतं. वास मायेनच्या श्वासाला येत होता.

"ताई, सगळ्याजणी म्हणतात तुझी नजर लागली," मायेन म्हणाली. मधे मधे श्वास घ्यायला थांबत होती. "लागली असेल तर काढून घे ना. मला फार तहान लागलीय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उसनी नेलेली परात मागावी तसं ती मागत होती. मनातला हेवा इक्वोचाच होता, पण तो काढून घेता येणार नव्हता, आणि जे सांगता आलं असतं ते तिनं रोज बादलीनं धुऊन टाकलं होतं.

ती आत गेली, मायेनला चादरीत गुंडाळलं आणि पाठीवर घेतलं. लहानपणी घ्यायची तसंच. तेव्हाही मायेन एवढी हलकी नव्हती.

आत्या दारात आडवी आली. "कुठे? अजून बाहेर काढायचा दिवस आला नाही. वाटेत पुरुषांची नजर पडेल."

"टॅक्सीवाल्याला सांगते मागे बघू नको म्हणून. म्मा, बाजूला हो. तिला साखर झालीय."

"साखर? तुला कुणी सांगितलं?"

"मुंग्यांनी," इक्वो म्हणाली आणि पायऱ्या उतरली. आत्या डोक्याला रुमाल गुंडाळत मागून धावली.

मोठ्या इस्पितळात सिस्टर आर्चिबाँग होत्या. इक्वोच्या खानावळीतलं जुनं गिऱ्हाईक, नेहमी "मिरची कमी" म्हणून बजावणाऱ्या. त्यांनी मायेनचा श्वास हुंगला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि पुढचं सगळं भराभर झालं. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं, डॉक्टर आले, गेले, परत आले. आत्या बाकावर बसून जपमाळेसारखं एकच वाक्य घोकत होती, "सगळं खात होती हो पोरगी, सगळं खात होती."

मायेनचा श्वास जरा संथ झाल्यावर सिस्टर बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

"खात होती, ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "म्मा, धक्क्यावर कोनफळांच्या होड्या येतात, बघितल्यात ना? माल आला, धक्का भरला. पण चढावरून बाजारात नेणारे हमालच आले नाहीत तर? वर बाजारात दुकानं रिकामी, खाली धक्क्यावर माल कुजतोय. तुम्ही पोरीला कोनफळ घातलंत, पोटात त्याची साखर झाली, रक्तात उतरली. तिथून ती हातापायांत, डोक्यात, काळजात पोचवायला एक रस लागतो. तो पोटामागची एक ग्रंथी तयार करते. तेच हमाल. तिच्या अंगात ते आता तयार होत नाहीत. म्हणून साखर रक्तातच पडून राहिली आणि लघवीवाटे वाहून गेली. पाणीही बरोबर घेऊन गेली, म्हणून तहान. आणि उपाशी शरीर आपलीच चरबी, आपलंच मांस जाळायला लागलं. त्या जळण्याचा तो वास."

"मग मी जितकं जास्त घातलं…" आत्या म्हणाली आणि थांबली.

"तितका धक्का जास्त भरला. पण तुमचा दोष नाही. खाण्यानं हा आजार झालेला नाही. कुणाच्या नजरेनंही होत नाही, हेही सांगून ठेवते, कारण मला माहीत आहे घरात काय बोललं गेलं असेल. इतक्या लहान वयात का होतो, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. तो रस आम्ही सुईनं देऊ. रोज, जन्मभर. मग ती खाईल आणि अंगी लागेल. बरं, तहान कधीपासून होती?"

"चार-आठ दिवस," आत्या म्हणाली.

"जास्त," इक्वो म्हणाली. "लघवीला मुंग्या लागूनच तीन आठवडे झाले असतील."

आत्यानं मान वळवली. "तू पाहिल्यास? आणि बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

सिस्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या. आत्या त्यानंतर बरेच दिवस इक्वोशी बोलली नाही. काही लागलं तर ती हवेला सांगायची, "चुलीवर पाणी ठेवायचं होतं," आणि इक्वो ठेवायची.

नजर लागली नव्हती, म्हणजे शापातून सुटका झाली. पण त्यानं मत्सर गेला का? तो वॉर्डात तिच्याआधी जाऊन बसला होता. मायेनच्या खाटेभोवती बायकांचा गराडा. फळं, पेज, प्रार्थना. न्कुहोचे नियम तर मोडलेच होते, त्यामुळे एफियोमही यायचा, दुपारची सुटी झाली की धावत. खानावळीतला त्याचा बाक रिकामा राहू लागला. इक्वो संध्याकाळी डबा घेऊन जायची तर तो मायेनच्या पायाशी बसून तिच्या तळव्यांना तेल चोळत असायचा. न्कुहोतल्या बायकांचं काम, आणि हा गोदीतला कारकून ते चारचौघांत करत होता. इक्वो डबा ठेवायची आणि खिडकीशी उभी राहायची. बसायला दुसरं स्टूल नसायचं.

मग एक दिवस एफियोमची आई आली. मायेन झोपली आहे असं समजून ती व्हरांड्यात मुलाला म्हणाली, "रोज सुई टोचून घेणारी सून? उद्या मुलं कशी होणार? आपण त्या घराला शब्द दिलाय, मुलगी बदलता येते. थोरली आहे की. हडकुळी असली तरी हातपाय धड आहेत, आणि रांधते झकास."

इक्वो खांबाआड होती. तिच्या हातातला डबा गरम होता, तरी तिला तो खाली ठेवावासा वाटला नाही. एवढ्या वर्षांत कुणी तिचं नाव लग्नाच्या बोलण्यात घेतलं नव्हतं. छातीत असं काही उसळलं की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते खाली बसेना. ती ऐकत राहिली.

"आई, मी ताट बदलून मागत नाहीये," एफियोम म्हणाला. एवढंच. मग तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुष्कळ दिवसांनी खानावळीत आला. इक्वोनं त्याचं ताट वाढलं. माशाचा तुकडा घालायला डाव उचलला, थांबली, आणि तो शेजारच्या म्हाताऱ्या हमालाच्या ताटात घातला. एफियोमला पत्ताही लागला नाही. तो खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून त्यावर रेघा ओढत होता.

"म्मा इक्वो, मला शिकवाल? सिस्टर म्हणतात, तिनं कोनफळ सोडायचं नाही, पण एका मुठीएवढंच. पाला दुप्पट, मासा किंवा घेवडा रोज, आणि वेळ चुकवायची नाही. मला तर पाणी उकळण्यापलीकडे काही येत नाही."

"मूठ कुणाची?"

"म्हणजे?"

"तुझी की तिची? तुझ्या मुठीएवढं घालशील तर साखर चढेल. तिची मूठ धर." आणि तिनं त्याला चुलीपाशी बोलावलं. घेवडा कसा भिजवायचा, पाला कधी टाकायचा म्हणजे त्याचा लगदा होत नाही, तेल किती. तो मन लावून शिकला आणि सगळा वेळ मायेनबद्दल बोलला. इक्वोनं कांदे चिरायचं काम स्वतःकडे घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्याची सबब होती.

मायेनला घरी सोडायच्या दिवशी सिस्टर आर्चिबाँग सुई कशी भरायची ते इक्वोला दाखवत होत्या. मधेच थांबून त्यांनी इक्वोची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली.

"तुझं काय? डोळे आतून इतके पांढरे कसे? दम लागतो?"

"माझं असंच आहे, सिस्टर. माझ्या अंगाला अन्न लागत नाही. मनात वाईट असलं की…"

"मनाचं मला कळत नाही. अनवाणी असतेस का?"

"भाजी काढायला नदीकाठच्या मळ्यात जाते. चिखलात चपला कशा घालणार?"

तिची तपासणी झाली. पोटात जंत होते, रक्त पिणारे, चिखलातून तळपायावाटे शिरलेले, कधीपासूनचे कोण जाणे. अंगात रक्त निम्म्यावर आलेलं. "बहिणीचा माल धक्क्यावर पडून होता," सिस्टर गोळ्या देत म्हणाल्या. "तुझा वाटेतच लुटला जातोय. आणि जेवतेस कशी? सगळ्यांचं झाल्यावर, उभ्या उभ्या, तळाचं कालवण, हो ना? एरवी कसावा आणि कधीतरी मटणाचे चार तुकडे, एवढ्यानं रक्त होत नाही. लोहाच्या गोळ्या संत्र्याबरोबर घे, चहाबरोबर नको. मटण खा. आणि बसून जेव."

इक्वो गोळ्यांची पुडी मुठीत धरून व्हरांड्यात आली आणि तिथेच तिला रडू कोसळलं. आत्यानं पाहिलं. मग जवळ आली, डोक्याचा रुमाल पुढे केला आणि तिच्याशी थेट म्हणाली, "नाक पूस. लोक बघतात."

लग्न पुढच्या कोरड्या मोसमात झालं. मायेन सडपातळच होती, पण गालांच्या खळ्या परत आल्या होत्या. लांब रेशमी झग्यात, केसांत पितळी फण्या खोचून ती नाचली. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, म्मा आतिमच्या हातची ही पहिलीच काटकी नवरी म्हणून. नाचता नाचता मायेनचा पाय अडखळला. कपाळावर घाम आला, ओठ थरथरले. इक्वो गर्दी सारत मधे गेली आणि तिचा दंड धरला.

"सोड ना, ताई. सगळे बघताहेत."

"बघू देत. बस. सकाळची सुई घेतलीस, जेवली नाहीस, आता साखर पार खाली गेलीय. हे पी."

मायेन साखरेचं पाणी प्यायली. एफियोम खुर्ची घेऊन धावला, स्वतः जमिनीवर बसून तिला वारा घालू लागला. इक्वोनं रिकामा पेला उचलला. पोटात नेहमीच्या जागी दुखलं. जंत तर केव्हाच गेले होते.

आता मायेन नदीच्या वरच्या अंगाला एफियोमच्या घरी असते. औषधाच्या बाटल्या गारव्यासाठी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी इक्वो तिच्याकडे जाते. इक्वोचे हात भरलेत. मनगटात बांगड्या राहतात. तिला बघायला माणसं एकदोनदा येऊनही गेली, एक बोलणं अजून चालू आहे.

परवा दोघी बसून पाला निवडत होत्या. मायेन कावली होती.

"तो माझे घास मोजतो, ताई. कोनफळ वाढलं की मूठ लावून बघतो. तुला माझा एवढा हेवा वाटायचा ना? घेऊन जा त्याला आठवडाभर."

कधीतरी हे बोलणं निघणार, हे इक्वोला माहीत होतं. तिनं देठ तोडला.

"अजून वाटतो," ती म्हणाली.

मायेननं वर पाहिलं. दोघींच्या मधे पाल्याची परात होती. मग ती म्हणाली, "मला वाटलंच. तू त्याच्याशी बोलताना नेहमी कांदे चिरतेस."

इक्वोला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. "उठ," ती म्हणाली. "सुईची वेळ झाली. भाजी मी टाकते."